चारशे सव्विसावी जागा

१९७८ साली अमेरिकेतल्या पशुवैद्यांपुढे एक नवाच आजार उभा राहिला. पिल्लाला आधी ओकाऱ्या, मग घाण वासाचे रक्ताळ जुलाब आणि दोन-तीन दिवसांत अंगातलं पाणी संपून मृत्यू. काही ठिकाणी तर जुलाबसुद्धा लागले नाहीत. आईचं दूध पिणारी धडधाकट पिल्लं धाप लागून अचानक मरायची आणि शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूवर पांढुरके पट्टे दिसायचे. कुत्र्यांच्या जुलाबांची कारणं पाठ्यपुस्तकांत भरपूर होती: जंत, जिवाणू, खाण्यातून गेलेलं विष, डिस्टेंपर. यातलं एकही इथे लागू पडेना. वर्ष उलटेपर्यंत हाच आजार युरोपात, जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात दिसायला लागला.

न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल विद्यापीठाची बेकर संस्था आहे. तिथे लेलंड कार्मायकल आणि मॅक्स अ‍ॅपेल यांनी आजारी कुत्र्यांची विष्ठा तपासली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २५ नॅनोमीटरचे गोल कण खच्चून भरलेले दिसले. मांजरांत पॅनल्यूकोपेनिया नावाचा जुना आजार आहे, त्याच्या विषाणूशी हे कण मिळतेजुळते होते. कुत्र्यांत पार्वोविषाणू त्याआधी एकदा, १९६७ मध्ये, सापडला होता, पण तो बहुतेकदा निरुपद्रवी आणि या नव्याचा सख्खा नव्हे. म्हणून नव्याला नाव मिळालं कॅनाइन पार्वोव्हायरस टाइप २.

हा आला कधी, याचं उत्तर प्रयोगशाळांच्या फ्रीझरमध्ये सापडलं. भलत्याच कामासाठी जपून ठेवलेली कुत्र्यांची जुनी रक्तद्रव्यं काढून त्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधली, तेव्हा १९७४ ते १९७६ या काळातल्या ग्रीस, नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या काही नमुन्यांत ती मिळाली. म्हणजे साथ दिसण्याआधी तीन-चार वर्षं विषाणू युरोपात गुपचूप फिरत होता. नमुने फेकून न देण्याची सवय संशोधनात किती कामाला येते, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

पसरण्याचा वेग समजायचा तर सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटाकडे पाहावं. तिथल्या लांडग्यांची दरवर्षी मोजदाद होते. १९८० मध्ये ते ५० होते, १९८२ मध्ये १४ उरले. रक्त तपासल्यावर पार्वोची प्रतिपिंडं मिळाली. त्या राष्ट्रीय उद्यानात कुत्रे न्यायला बंदी आहे, तरीही विषाणू पोचला. कुणी तरी बंदी मोडून कुत्रा नेला असेल किंवा पर्यटकाच्या बुटाला चिकटून तो गेला असेल. बुटाची शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आजारी कुत्र्याच्या एका ग्रॅम विष्ठेत या विषाणूचे अब्जभर कण असू शकतात आणि सावलीतल्या दमट मातीत ते कित्येक महिने तग धरतात.

विषाणू आतड्यावरच का तुटून पडतो, हे कळलं की पुढच्या साऱ्या चाचण्या सोप्या वाटतात. पार्वोची जनुकीय सामग्री म्हणजे एकपदरी डीएनएची जेमतेम ५ हजार अक्षरं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात स्वतःची नक्कल काढणारं विकर बाळगायला जागाच नाही. त्यामुळे त्याला विभाजनाच्या तयारीत असलेली पेशी लागते. ती स्वतःच्या डीएनएची प्रत काढत असते, तेव्हा हा आपलीही काढून घेतो. शरीरात झपाट्याने विभाजन कुठे चालतं? लहान आतड्यातल्या अंकुरांच्या मुळाशी असलेल्या खळग्यांत, अस्थिमज्जेत, लसिका ग्रंथींत. आणि पिल्लू अगदी कोवळं असेल तर हृदयाच्या स्नायूत. विषाणू तोंडावाटे शिरतो, घशातल्या लसिका ऊतींत वाढतो, रक्तातून सगळीकडे जातो आणि मग आतड्याच्या खळग्यांतल्या पेशी मारतो. या पेशीच अंकुरांना नवं अस्तर पुरवत असतात. पुरवठा थांबला की अस्तर झडतं, रक्त झिरपतं, आतड्यातले जिवाणू थेट रक्तात जातात. अस्थिमज्जाही मार खाते, त्यामुळे जिवाणूंशी लढायला लागणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच वेळी घटलेल्या असतात. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली आलेल्या दिसल्या की अनुभवी डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते.

आता दवाखान्यातलं दृश्य. सहा आठवडे ते सहा महिने वयाचं पिल्लू टेबलावर मान टाकून पडलेलं आहे, त्वचा चिमटीत धरून सोडली तर जागेवर बसत नाही, लसीची पुस्तिका अर्धी कोरी. डॉक्टर कापसाचा बोळा लावलेली काडी गुदद्वारातून फिरवतात, ती छोट्या बाटलीतल्या द्रावणात घुसळतात आणि तीन-चार थेंब प्लास्टिकच्या पट्टीवर टाकतात. दहा मिनिटांत पट्टीवरच्या ‘सी’ या अक्षरापुढे एक रेघ उमटते. टी पुढेही उमटली तर पार्वो. घरोघरच्या गर्भचाचणीत आणि कोविडच्या घरगुती किटमध्येही हेच तंत्र असतं. पट्टीवर विषाणूच्या कवचाला पकडणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात.

टी पुढे रेघ आली तर निदानावर सहसा भरवसा ठेवता येतो. खरी अडचण रेघ आली नाही की सुरू होते. पट्टीला रेघ दिसण्यासाठी विषाणू भरपूर लागतो, आणि विष्ठेतून तो ठरावीक दिवसच भरपूर पडतो. शिवाय आजार चार-पाच दिवसांचा झाला की पिल्लाच्या आतड्यात स्वतःची प्रतिपिंडं तयार होतात, ती विषाणूला वेढून बसतात आणि पट्टीवरच्या प्रतिपिंडांना धरायला मोकळी जागा राहत नाही. तुलना करून पाहणाऱ्या काही अभ्यासांत पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीने पकडलेल्या नमुन्यांपैकी जेमतेम निम्मे नमुने किटने पकडले. ‘किट निगेटिव्ह, म्हणजे पार्वो नाही, साधं अपचन’ असं समजून पिल्लाला घरी नेण्यात म्हणूनच धोका असतो.

किट येण्याआधी प्रयोगशाळा एक वेगळीच युक्ती वापरत, आणि काही ठिकाणी ती आजही वापरतात. पार्वोचे कण डुकराच्या तांबड्या रक्तपेशींना चिकटतात आणि त्यांचं एकमेकींशी जाळं विणतात. छोट्या वाट्यांच्या पसरट ताटलीत विष्ठेचा गाळलेला अर्क दर वाटीत निम्मा पातळ करत न्यायचा, प्रत्येकीत डुकराच्या रक्तपेशी घालायच्या आणि ताटली फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवायची. विषाणू नसेल त्या वाटीत पेशी तळाशी ओघळून लालबुंद टिकली होतात. विषाणू असेल तिथे टिकली होत नाही, तळभर गुलाबी पातळ थर पसरतो. शेवटचा थर कितव्या वाटीत दिसला, यावरून विषाणू किती हे कळतं. स्वस्त, देखणी आणि डोळ्यांना समजणारी चाचणी. मात्र रोज ताजं डुकराचं रक्त कुठून आणायचं, हा प्रश्न शहरातल्या प्रयोगशाळेला छळतो.

पीसीआरने हा सगळा खेळ बदलला. कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या या पद्धतीत विषाणूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा काही तासांत कोट्यवधी पटींनी वाढवता येतो. त्यामुळे प्रतिपिंडांनी वेढलेला विषाणू सापडतो, थोडासा असला तरी सापडतो. कधी कधी तर नको तेवढा सापडतो. पार्वोची लस जिवंत पण निर्बल केलेल्या विषाणूची असते. लस टोचलेल्या पिल्लाच्या विष्ठेत तो लसविषाणू काही दिवस उतरतो आणि अतिसंवेदनशील पीसीआर त्यालाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणते. आठ दिवसांपूर्वी लस घेतलेल्या पिल्लाला जुलाब लागले, पीसीआर पॉझिटिव्ह आली, मालक म्हणतो लसीनेच आजार झाला. हा वाद मिटवायचा तर विषाणू आहे की नाही एवढं सांगून भागत नाही. कोणता आहे हे सांगावं लागतं. वर्गीकरणाची गरज दवाखान्यात खरी भासते ती इथे.

विषाणूचं कवच ६० प्रथिन-घटकांचं असतं, त्यात मुख्य वाटा व्हीपी२ या प्रथिनाचा. हे प्रथिन ५८४ अमिनो आम्लांची माळ आहे. मांजराच्या विषाणूसारखा एखादा पूर्वज कुत्र्यात शिरला तो या माळेतल्या मूठभर जागा बदलल्यामुळे. त्यांत ९३ आणि ३२३ या दोन विशेष महत्त्वाच्या. पेशीच्या पृष्ठभागावर लोह वाहून आणणाऱ्या प्रथिनासाठी एक ग्राही असतो. पार्वो त्यालाच धरून आत जातो. कुत्र्याचा हा ग्राही मांजराच्या ग्राहीहून जरा वेगळा. कवचावरच्या या दोन जागा बदलल्या आणि विषाणूला कुत्र्याचा ग्राही धरता येऊ लागला. त्या बदल्यात मांजर मात्र हातचं गेलं: मूळच्या टाइप २ ला मांजरांत वाढता येत नव्हतं.

तो तसाच राहिला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण कॉर्नेलमधल्याच कॉलिन पॅरिश यांनी वेगवेगळ्या वर्षांचे साठवलेले विषाणू एकेका नेमक्या जागी बसणाऱ्या प्रतिपिंडांशी ताडून पाहिले आणि १९८५ मध्ये दाखवून दिलं, की टाइप २ जगातून जवळपास नाहीसा झाला आहे. १९७९-८० च्या सुमारास आलेल्या एका बदललेल्या रूपाने दोन-तीन वर्षांत त्याची जागा घेतली होती. त्याला २ए म्हटलं गेलं. या रूपाला मांजरही पुन्हा वश झालं. १९८४ मध्ये २बी दिसला. २००० साली इटलीतल्या बारी विद्यापीठात कानियो ब्युओनावोलिया आणि सहकाऱ्यांना आणखी एक रूप मिळालं, ते २सी. नंतर जर्मनीतले जुने नमुने उघडले तेव्हा १९९६ मध्येही तो होता असं आढळलं. पुन्हा फ्रीझरचीच कृपा.

या तिघांना वेगळं करणारी जागा एकच: माळेतलं ४२६ वं अमिनो आम्ल. तिथे अ‍ॅस्पॅराजिन असेल तर २ए, अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल तर २बी, ग्लुटामिक आम्ल असेल तर २सी. डीएनएच्या अक्षरांत लिहायचं तर एएटी, जीएटी, जीएए. पहिलं अक्षर बदललं की २ए चा २बी, मग तिसरं बदललं की २बी चा २सी.

बारीच्या गटाने हे ओळखायची सुरेख पद्धत काढली. एमबीओ-टू नावाचं एक विकर डीएनएत जीएएजीए हा क्रम दिसला की कात्री चालवतं. २सी मध्ये तो क्रम या जागी आपोआप जुळून येतो, २ए आणि २बी मध्ये येत नाही. म्हणून पीसीआरने सुमारे ५८० अक्षरांचा तुकडा वाढवायचा, त्यात विकर घालायचं आणि जेलवर वीज सोडून तुकडे पळवायचे. अतिनील दिव्याखाली नमुन्याच्या रांगेत एकच जाड पट्टा तसाच उभा राहिला तर तो २सी नव्हे. पट्टा खाली सरकून ५०० च्या आसपास थांबला आणि जेलच्या तळाजवळ ८० चा फिकट तुकडा दिसला, तर २सी. क्रमवाचनाचं यंत्र नसलेल्या प्रयोगशाळेलाही हे जमण्यासारखं आहे. भारतात २सी ची नोंद इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये केली. त्याआधी आपल्याकडे, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासेतून पार्वो प्रथम नोंदवला गेला तेव्हापासून, चर्चा मुख्यतः २ए आणि २बी चीच होती.

मात्र या जागेवर जरा जास्तच भार टाकला गेला, असं माझं मत आहे. मूळच्या टाइप २ मध्येही ४२६ वर अ‍ॅस्पॅराजिनच असतं. लसींपैकी काही त्या मूळ टाइप २ पासून केलेल्या आहेत. म्हणजे फक्त ४२६ पाहिलं तर लसीतला विषाणू आणि बाहेर फिरणारा २ए एकसारखेच दिसतात. लस दोषी की बाहेरचा विषाणू, हा मघाचा वाद मिटवायला ३०० आणि ३०५ सारख्या जागा वाचाव्याच लागतात.

दुसरी अडचण याहून खोल आहे. पार्वो डीएनएचा विषाणू असूनही त्याच्यात बदल साठण्याचा वेग आरएनए विषाणूंच्या जवळपास जातो. अशा विषाणूत ४२६ वरचं एक अक्षर जगाच्या वेगवेगळ्या भागांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा बदलू शकतं, आणि तसं ते बदललेलं आहे. संपूर्ण जनुकक्रम वाचून वंशवृक्ष काढले, तेव्हा २बी आणि २सी या एकेका फांदीवर न बसता झाडभर विखुरलेले सापडले. आडनाव पाटील म्हणून कोल्हापूरचे आणि जळगावचे पाटील एका कुळातले ठरत नाहीत, तसंच हे. एका शहरात २सी सापडला आणि दुसऱ्या शहरातही २सी सापडला, तर एकातून दुसऱ्यात साथ गेली असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी निदान पूर्ण व्हीपी२ वाचायला हवं.

पूर्ण वाचलं की हाती काय लागतं, याचा नमुना म्हणजे आशियाई २सी. या गटाच्या माळेत ४२६ शिवाय २६७, ३२४ आणि ३७० या जागांवरही ठरावीक बदल असतात. एवढ्या खुणांमुळे तो ओळखू येतो. चीनमध्ये आणि आशियात इतरत्र पसरलेला हा गट पुढे इटलीत आणि नायजेरियात सापडला. नुसतं ‘२सी’ एवढंच लिहिलं असतं तर इटलीतल्या नेहमीच्या २सी मध्ये तो मिसळून गेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

प्रत्येक जुलाब पार्वोचा नसतो, हेही सांगायला हवं. कुत्र्यांच्या आतड्यात रोटा, अ‍ॅस्ट्रो, नोरो, कोबू, सर्को अशी बरीच मंडळी मिळतात. त्यांतले काही आजार करतात, काही नुसतेच राहतात आणि एकाच नमुन्यात दोघे-तिघे निघणं नवलाचं नाही. यांतला जुना आणि दखल घेण्याजोगा म्हणजे कॅनाइन कोरोनाव्हायरस. तो १९७१ मध्ये जर्मनीतल्या लष्करी कुत्र्यांत सापडला. तो अंकुरांच्या शेंड्यावरच्या पेशी मारतो. खालचे खळगे शाबूत असल्याने अस्तर लवकर भरून येतं, म्हणून एकट्या कोरोनाचा जुलाब सहसा सौम्य. जोडीला पार्वो असेल तर मात्र खालून आणि वरून दोन्हीकडून मार बसतो. त्याचे नमुने सांभाळणंही नाजूक काम. पार्वोचं डीएनए उन्हातल्या कुरिअरमधूनही बऱ्यापैकी सुखरूप पोचतं, कोरोनाचं आरएनए बर्फ वितळला की मोडायला लागतं. अहवाल निगेटिव्ह येण्याचं कारण कधी कधी वाटेतच घडलेलं असतं.

कोरोनाचं वर्गीकरण आणखी गुंत्याचं. पार्वो अक्षर बदलतो, कोरोना दुसऱ्या कोरोनाशी आख्खे परिच्छेद अदलाबदल करतो. याचे टाइप १ आणि टाइप २ असे मुख्य प्रकार. टाइप २ मधल्या २बी या पोटप्रकारात, विषाणूच्या पृष्ठभागावरच्या काट्याच्या जनुकाचा एक तुकडा डुकरांच्या जठरांत्रशोथाच्या विषाणूकडून आलेला आहे. त्यामुळे एक जनुक वाचलं तर एक उत्तर आणि दुसरं वाचलं तर वेगळं, असं इथे खुशाल होतं. हा नाद केवळ अभ्यासकांपुरता नाही. २०२१ मध्ये एक शोधनिबंध आला. मलेशियातल्या सारवाकमध्ये न्यूमोनियाने दाखल झालेल्या ३०१ रुग्णांच्या नमुन्यांपैकी ८ मध्ये कुत्र्याच्या कोरोनाशी जुळणारा क्रम मिळाला होता. त्यातल्या एका मुलाच्या नमुन्यातला विषाणू कुत्र्याच्या पेशींत वाढवून पूर्ण वाचला, तेव्हा त्यात कुत्र्याच्या आणि मांजराच्या कोरोनांचे तुकडे जोडलेले निघाले. न्यूमोनिया त्यानेच झाला असं यातून सिद्ध होत नाही. घरातल्या कुत्र्याला घाबरण्याचंही कारण नाही. परंतु कुत्र्याच्या जुलाबात काय आहे, हे अधूनमधून वाचत राहायला हवं, एवढं खरं.

मग आजारी पिल्लाच्या मालकाने प्रकार विचारावा का? उपचारासाठी तरी नाही. २ए असो की २सी, सलाईन, ओकारी थांबवणारी औषधं, जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकं आणि लवकरात लवकर पोटात थोडं अन्न, हाच उपाय. २सी जास्त घातक असतो, असं पुष्कळदा लिहिलं जातं. त्यावर संशोधकांचं एकमत नाही. लसीचंही तसंच. बाजारातल्या बहुतेक लसी मूळ टाइप २ किंवा २बी पासून केलेल्या आहेत आणि त्या सगळ्या प्रकारांपासून संरक्षण देतात. लस घेऊनही पिल्लं आजारी पडतात, त्याचं कारण बहुतेकदा नव्या प्रकारात नसून तारखेत असतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडं पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकतात आणि लसीतल्या विषाणूला वाढू देत नाहीत. ती ओसरत येतात तेव्हा मधे दोन-तीन आठवडे असे जातात, की लस निष्प्रभ करण्याइतकी ती असतात, पण खऱ्या विषाणूला थोपवण्याइतकी नसतात. हा काळ प्रत्येक पिल्लाचा वेगळा. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन-चार आठवड्यांनी डोस देत जायचं आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा, असा जागतिक पशुवैद्यक संघटनांचा सल्ला आहे. दोन डोसांनंतर दहाव्या-बाराव्या आठवड्यात पुस्तिका बंद करण्याची आपल्याकडची रीत पार्वोच्या पथ्यावर पडते.

घरात पार्वो होऊन गेला असेल तर फरशी फिनेलने पुसून भागणार नाही, त्याने हा विषाणू मरत नाही. आधी जागा धुऊन साफ करा, मग ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच मिसळून ओतून दहा मिनिटं तसंच राहू द्या. अंगणातल्या मातीला हा उपाय चालत नाही, तेव्हा त्या घरात लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू काही महिने आणू नका. आणि आत्ता पिल्लू घरात असेल तर पुस्तिका उघडून शेवटच्या डोसची तारीख बघा. त्या दिवशी ते १६ आठवड्यांचं झालेलं नसेल, तर या आठवड्यातच डॉक्टरांची वेळ घ्या.